जागल्या बिशप : बार्तोलोमे दे लास कासास

एखाद्याचे दुष्कृत्य वरिष्ठांच्या कानावर घालणे ही चहाडी की कर्तव्य? या प्रश्नाचे उत्तर डॉमिनिकन बिशप बार्तोलोमे दे लास कासास यांच्या जीवनातून मिळते.

स्पेनमधील सेव्हिल येथे १४८४ साली त्यांचा जन्म झाला. १५०२ साली ते हिस्पॅनिओला बेटावर गेले. पुढे धर्मगुरू होऊनही तेथील रीतीप्रमाणे ते मूलनिवासींकडून वेठबिगारी करून घेत. १५११ सालच्या आगमनकाळात फादर अँतोनियो दे मोंतेसिनोस यांनी या अन्यायाविरुद्ध प्रवचन केले, तरी लास कासास तेव्हा बदलले नाहीत. १५१३ साली क्युबात निरपराधांची कत्तल त्यांनी डोळ्यांनी पाहिली. १५१४ साली प्रवचनाची तयारी करताना बेन सिराच्या ग्रंथातील ३४ व्या अध्यायाने त्यांचे अंतःकरण हेलावले. अन्यायाने मिळविलेल्या धनाचे अर्पण देवाला मान्य नाही, हे त्यांना उमगले.

त्यांनी प्रथम स्वतःच्या वेठबिगारांवरील हक्क सोडला. गव्हर्नर वेलास्केस यांना समक्ष भेटून हा निर्णय सांगितला. मग वसाहतवाल्यांना जाहीर प्रवचनातून त्यांचे पाप दाखवून दिले. कोणी ऐकेना, तेव्हा १५१५ साली समुद्र ओलांडून ते राजा फर्डिनंड यांच्यापुढे उभे राहिले. आधी एकांतात, मग मंडळीसमोर, ही संत मत्तयच्या शुभवर्तमानातील १८ व्या अध्यायाची वाट यापासून फार दूर नाही. १५१६ साली कार्डिनल सिस्नेरोस यांनी त्यांना मूलनिवासींचे संरक्षक नेमले.

१५४२ साली त्यांनी अत्याचारांचा संक्षिप्त वृत्तांत लिहिला. तो १५५२ साली छापला गेला. त्यात बहुतेक अपराध्यांची नावे त्यांनी टाळली आहेत. कोणाची बदनामी करणे हा हेतू नव्हता. मरणाऱ्यांचे प्राण वाचावेत, एवढीच तळमळ होती. १५४२ सालीच वेठबिगारीला आळा घालणारे नवे कायदे झाले.

पुढे चियापासचे बिशप या नात्याने, गुलाम मुक्त न करणाऱ्यांना पापक्षमा देऊ नये असा आदेश त्यांनी आपल्या धर्मगुरूंना दिला. लोक खवळले, धमक्या आल्या. १५४७ साली ते स्पेनला परतले. १८ जुलै १५६६ रोजी माद्रिद येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या हातून चूकही घडली. मूलनिवासींचा भार हलका व्हावा म्हणून आफ्रिकन गुलाम आणण्याची सूचना त्यांनी केली होती. पुढे त्याबद्दल त्यांनी आपल्या इतिहासग्रंथात पश्चात्ताप नोंदविला. इतरांचे पाप उघड करणाऱ्याने स्वतःचेही झाकले नाही.

चहाडखोर दुसऱ्याला खाली पाडून स्वतः वर चढू पाहतो. जागल्या मात्र दुर्बलांसाठी हाक देतो आणि तिची किंमत स्वतः मोजतो. आपल्या कुटुंबात, कचेरीत वा धर्मग्रामात अन्याय दिसला, तर बोलण्यापूर्वी आपण स्वतःला एवढेच विचारावे : माझ्या बोलण्याने कोणाचे रक्षण होणार आहे? आणि उत्तर मिळाल्यावर गप्प बसू नये.