रिचर्ड रेटी : कडेने चालून गेलेला सेनापती

आम्ही पोस्टकार्डांवरून बुद्धिबळ खेळत असू, तेव्हा पांढरी मोहरी वाट्यास आली की पहिली खेळी बहुधा राजाकडील घोड्याची लिहीत असू. असाच एक डाव आम्ही जिंकला. काळ्याने मध्यभागी उभारलेली प्याद्यांची फळी आमच्या कडेच्या उंटाने पोखरली. त्या यशाचे श्रेय आमचे थोडे, रिचर्ड रेटी यांचे अधिक.

रेटी यांचा जन्म २८ मे १८८९ रोजी पेझिनोक येथे झाला. हे गाव तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीत होते, आज स्लोव्हाकियात आहे. गणित शिकण्यास ते व्हिएन्नास गेले आणि पटाचेच होऊन राहिले. मध्य व्यापल्यावाचून विजय नाही, असे त्या काळचे शास्त्र सांगे. रेटींनी मध्य प्रतिस्पर्ध्यास देऊन त्यावर कडेच्या उंटांचा दुरून नेम धरला. आपल्या जुन्या देशी खेळात प्यादे आरंभीही एकच घर चाले. तेथे ही रीत नवखी नव्हती. कलकत्त्याचे महेशचंद्र बॅनर्जी एकोणिसाव्या शतकात कॉक्रेनसाहेबांशी तसेच खेळत.

२२ मार्च १९२४ रोजी न्यूयॉर्क येथे रेटींनी याच रीतीने जगज्जेते कापाब्लांका यांना ३१ खेळींत नमविले. आठ वर्षांत ते एकदाही हरले नव्हते! पुढील वर्षी साओ पाउलो येथे रेटींनी पट न पाहता एकाच वेळी २९ डाव खेळले, आणि निघताना, असे सांगतात, स्वतःची बॅग मात्र तेथेच विसरले.

६ जून १९२९ रोजी प्राग येथे स्कार्लेट तापाने ते वारले. वय अवघे ४०. थोर खेळाडूंवरील त्यांचा ग्रंथ १९३० साली निघाला.