जगभर मंदी होती, तेव्हा वालचंद शेठनी साखर कारखाना काढला

१९२९ ला अमेरिकेतला शेअर बाजार कोसळला आणि त्या मंदीची झळ कापूस पिकवणाऱ्या केळापूरसारख्या तालुक्यांपर्यंत पोचली. कापसाचे भाव पडले. अशा काळात नवा धंदा काढणाऱ्याला लोक वेड्यातच काढणार.

सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी नेमका तोच मुहूर्त धरला.

घरचा धंदा कापूस आणि सावकारीचा. त्यात मन रमेना म्हणून त्यांनी लक्ष्मणराव फाटकांसोबत रेल्वेची कंत्राटं घेतली. १९१९ ला सिंदिया कंपनी काढून जहाजं चालवली. आणि मालेगावजवळ रावळगावला चक्क दगडाळ माळरान विकत घेतलं. तिथं ऊस उभा राहिला, पण जावाहून येणाऱ्या स्वस्त साखरेपुढं देशी साखरेचा निभाव लागणं अवघड होतं.

१९३२ ला सरकारनं बाहेरच्या साखरेवर संरक्षक जकात लावली आणि गणित बदललं. वालचंद यांची जमीन आणि ऊस तयार होता. १९३३ ला रावळगावचा कारखाना उभा राहिला. धाडस त्यांचं खरंच, पण जकातीचा वाटाही मोठा, हे सहसा कुणी सांगत नाही.

पुढं त्याच कारखान्याची रावळगाव चॉकलेटं पोरांच्या खिशात खुळखुळू लागली.