अक्षरओळखीपासून नागरिकत्वापर्यंत : फ्रेडरिक डग्लस यांची जीवनकहाणी

फ्रेडरिक डग्लस यांना आपली जन्मतारीख आयुष्यभर कळली नाही. अमेरिकेच्या मेरीलँड राज्यातील टॅलबट परगण्यात एका गुलाम स्त्रीच्या पोटी त्यांचा जन्म झाला. मालकाच्या हिशेबवहीतील एका ओळीवरून इतिहासकारांनी पुढे १८१८ चा फेब्रुवारी महिना निश्चित केला. परंतु ती वही डग्लस यांच्या हाती कधी आली नाही. मोठेपणी त्यांनी स्वतःच १४ फेब्रुवारी हा आपला जन्मदिवस ठरवून घेतला. ज्या व्यवस्थेत माणसाची नोंद मालमत्ता म्हणून होत असे, तेथे त्याच्या जन्मदिवसाची आठवण ठेवण्याची गरज कोणालाच वाटत नव्हती.

त्यांचे मूळ नाव फ्रेडरिक ऑगस्टस वॉशिंग्टन बेली. आई हॅरिएट ही दूरच्या शेतावर राबत असे. दिवसभराचे काम आटोपल्यावर काही मैल अंधारात चालत येऊन ती मुलाला कुशीत घेई आणि पहाट होण्यापूर्वी परत जाई. अशा भेटी चार-पाचच झाल्या. फ्रेडरिक सुमारे सात वर्षांचे असताना ती वारली. वडील गोरे होते, एवढेच त्यांच्या कानावर आले होते. मात्र कायद्याने मुलाची स्थिती आईच्या स्थितीवरून ठरत असल्यामुळे बाप स्वतंत्र असूनही मूल गुलामच राहिले. आजी बेट्सी यांनी त्यांना वाढवले. सहाव्या वर्षी त्याच आजीला, मालकाच्या हुकुमावरून, नातवाला मळ्यावर सोडून निमूटपणे परतावे लागले.

आठव्या वर्षाच्या सुमारास त्यांना बाल्टिमोर शहरात ह्यू ऑल्ड यांच्या घरी पाठवण्यात आले. या घटनेने त्यांच्या आयुष्याला कलाटणी मिळाली. ह्यू यांच्या पत्नी सोफिया यांनी भोळेपणाने या मुलाला मुळाक्षरे शिकवण्यास आरंभ केला. पतीला हे कळताच त्यांनी ते तत्काळ बंद पाडले. वाचायला शिकलेला गुलाम गुलाम म्हणून निरुपयोगी होतो, असे त्यांचे म्हणणे होते. ते पत्नीला उद्देशून बोलले. पण खरा धडा दाराशी उभ्या असलेल्या मुलाने घेतला. मालकाला ज्याची एवढी भीती वाटते तीच आपल्या मुक्तीची वाट आहे, हे त्याने ओळखले. त्यानंतर रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या मुलांना घरातील पाव देऊन त्याबदल्यात तो त्यांच्याकडून अक्षरे शिकला. जहाजबांधणीच्या आवारात लाकडी फळ्यांवर सुतारांनी खुणेसाठी काढलेली अक्षरे पाहून तो लिहायला शिकला. बाराव्या वर्षी साठवलेल्या पन्नास सेंटांत त्याने ‘द कोलंबियन ओरेटर’ हे भाषणांचे पुस्तक विकत घेतले. त्यात एका मालकाचा आणि गुलामाचा संवाद होता, आणि युक्तिवादात हरलेला मालक अखेरीस गुलामाला मुक्त करतो, असा त्याचा शेवट होता. पुढे ज्याचे भाषण ऐकण्यासाठी दोन खंडांत सभागृहे भरू लागली, त्याची पाठशाळा ही एवढीच.

१८३३ मध्ये त्यांना पुन्हा खेड्यात, थॉमस ऑल्ड या मालकाकडे जावे लागले. तेथे त्यांनी इतर गुलामांसाठी रविवारची शाळा सुरू केली; ती जमावाने उधळून लावली. बंडखोर वृत्ती मोडण्यासाठी मालकाने १८३४ च्या आरंभी त्यांना एडवर्ड कोव्ही या शेतकऱ्याच्या हवाली केले. गुलामांना वठणीवर आणणारा म्हणून त्याची ख्याती होती. सहा महिने चाबकाचे वळ अंगावर वागवल्यानंतर ऑगस्टमधील एका दिवशी सोळा वर्षांच्या फ्रेडरिकने त्याचा हात धरला. सुमारे दोन तास झटापट चालली. त्यानंतर कोव्हीने त्यांच्यावर पुन्हा कधी चाबूक उगारला नाही. देह अजून गुलामीत असला तरी मन त्या दिवशी मुक्त झाले, असे ते पुढे सांगत. पुढच्या वर्षी दुसऱ्या शेतावर त्यांनी पुन्हा गुप्त शाळा चालवली आणि तीत चाळीसहून अधिक जण शिकू लागले. शिक्षा पत्करून अक्षरे गिरवणाऱ्या त्या प्रौढ विद्यार्थ्यांची आठवण डग्लस यांनी अखेरपर्यंत जपली.

पलायनाचा पहिला प्रयत्न फसला आणि तुरुंग पाहावा लागला. नंतर बाल्टिमोरच्या गोदीत जहाजांच्या फळ्यांमधील फटी बुजवण्याचे काम ते शिकले. पण आठवड्याची मजुरी मालकाच्या हातावर ठेवावी लागे. अखेर ३ सप्टेंबर १८३८ रोजी खलाशाचा वेष करून आणि एका खलाशाची उसनी कागदपत्रे खिशात घालून ते आगगाडीत चढले. चोवीस तासांच्या आत ते न्यूयॉर्कला पोहोचले. अ‍ॅना मरे ही स्वतंत्र कृष्णवर्णीय तरुणी, जिच्या पाठबळावर हे धाडस उभे होते, पाठोपाठ तेथे आली. बारा दिवसांनी त्यांचा विवाह झाला. मॅसॅच्युसेट्समधील न्यू बेडफर्ड येथे स्थायिक होताना त्यांनी डग्लस हे आडनाव स्वीकारले. तेथे गुलामी नव्हती, पण समताही नव्हती. गोऱ्या कामगारांच्या विरोधामुळे त्यांना आपल्या कसबाचे काम मिळेना. त्यांनी लाकडे फोडली, कोळसा वाहिला, ओझी उचलली. आणि विल्यम लॉइड गॅरिसन यांचे ‘द लिबरेटर’ हे गुलामीविरोधी पत्र दर आठवड्याला वाचले.

ऑगस्ट १८४१ मध्ये नँटकेट बेटावरील सभेत ते बोलायला उभे राहिले. आरंभी त्यांचे पाय लटपटत होते. भाषण संपेपर्यंत सभा भारावून गेली होती. मॅसॅच्युसेट्सच्या गुलामीविरोधी संस्थेने त्यांना प्रचारक नेमले. त्यांची भाषा इतकी सुसंस्कृत होती की हा मनुष्य कधीकाळी गुलाम होता यावर काही श्रोत्यांचा विश्वासच बसेना. त्या शंकेला त्यांनी १८४५ साली आत्मचरित्राने उत्तर दिले. त्यात गावांची आणि मालकांची खरी नावे होती. म्हणजे पुस्तक छापताच पकडले जाण्याचा धोका त्यांनी ओढवून घेतला होता. म्हणून ते आयर्लंड व ब्रिटनला गेले. तेथील स्नेह्यांनी १५० पौंड जमवून १८४६ च्या अखेरीस त्यांची कायदेशीर सुटका करून घेतली. पैसे देणे म्हणजे मालकी मान्य करणे, अशी टीका काही सहकाऱ्यांनी केली. तरीही डग्लस यांनी ती सुटका स्वीकारली, कारण त्यांना मायदेशी परतून लढायचे होते.

परतल्यावर न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे डिसेंबर १८४७ मध्ये त्यांनी ‘द नॉर्थ स्टार’ हे पत्र सुरू केले. रात्री वाट काढणाऱ्या पळपुट्या गुलामांना दिशा दाखवणाऱ्या ध्रुवताऱ्याचे हे नाव होते. १८४८ मध्ये सेनेका फॉल्स येथील स्त्री-हक्क परिषदेत मतदानाच्या हक्काचा ठराव डळमळू लागला, तेव्हा डग्लस यांनी उभे राहून त्याला पाठिंबा दिला. त्याच वर्षी त्यांची मुलगी रोझेटा हिला रॉचेस्टरमधील एका खासगी शाळेत इतर मुलींपासून वेगळे बसवण्यात आले. डग्लस यांनी हा अन्याय वृत्तपत्रातून जगापुढे मांडला आणि शहरातील शाळांच्या दारांवरचा वर्णभेद संपवण्यासाठी वर्षानुवर्षे झुंज दिली. १८५७ मध्ये तेथील सार्वजनिक शाळांतील हा भेद संपला.

५ जुलै १८५२ रोजी रॉचेस्टरच्या कोरिंथियन सभागृहात त्यांनी केलेले भाषण अमेरिकेच्या इतिहासात अमर झाले आहे. निमित्त स्वातंत्र्यदिनाचे होते. राष्ट्रनिर्मात्यांच्या धैर्याचा त्यांनी आदराने उल्लेख केला. आणि मग श्रोत्यांना विचारले की ज्याच्या पायांत बेड्या आहेत त्याने या दिवशी कशाचा आनंद मानावा. हा उत्सव तुमचा आहे, माझा नाही, हे त्यांनी गोऱ्या श्रोत्यांच्या तोंडावर सांगितले. तथापि भाषणाचा शेवट निराशेत झाला नाही. देशाची राज्यघटना ही स्वातंत्र्याची सनद आहे, अशी ग्वाही त्यांनी दिली.

या ग्वाहीसाठी त्यांना मोठी किंमत मोजावी लागली. त्यांचे गुरुतुल्य सहकारी गॅरिसन राज्यघटनेला गुलामीशी केलेला करार मानत आणि तिच्याखालील राजकारणच त्याज्य समजत. डग्लस यांचेही मत आधी तेच होते. परंतु अनेक वर्षे अभ्यास केल्यावर त्यांना दिसले की घटनेत गुलाम हा शब्द कोठेही नाही आणि तिच्या उद्देशिकेत न्याय व स्वातंत्र्य यांचा उच्चार आहे. घटना शोषकांच्या हाती सोडून देण्याऐवजी तिचा अर्थ शोषितांनी सांगावा, असा निष्कर्ष त्यांनी काढला. १८५१ मध्ये हे मतांतर त्यांनी जाहीर केले आणि गॅरिसन यांची मैत्री गमावली.

६ मार्च १८५७ रोजी या श्रद्धेची कसोटी लागली. ड्रेड स्कॉट हा गुलाम मालकासोबत गुलामीबंदी असलेल्या प्रदेशांत काही वर्षे राहिला होता. त्या आधारे त्याने व त्याची पत्नी हॅरिएट हिने १८४६ पासून मुक्ततेसाठी दावा चालवला होता. सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी तो फेटाळला. सरन्यायाधीश रॉजर टॉनी हे डग्लस यांच्याच मेरीलँड राज्याचे. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकनांचे वंशज, मग ते स्वतंत्र असोत वा गुलाम, अमेरिकेचे नागरिक होऊच शकत नाहीत, असा निर्णय त्यांनी दिला. नव्या प्रदेशांत गुलामीला मज्जाव करण्याचा संसदेचा अधिकारही नाकारला. न्यायमूर्ती कर्टिस यांनी आपल्या भिन्नमतात दाखवून दिले की राष्ट्राच्या आरंभी पाच राज्यांत स्वतंत्र कृष्णवर्णीय मतदान करीत होते. पण बहुमत ढळले नाही.

चळवळीवर अवकळा पसरली असताना, मे महिन्यात न्यूयॉर्कमध्ये डग्लस यांनी वेगळाच सूर लावला. आपली आशा कधी नव्हे इतकी उजळली आहे, असे ते म्हणाले. गुलामीचा प्रश्न कायमचा मिटवल्याची घोषणा यापूर्वीही अनेकदा झाली होती आणि प्रत्येक वेळी तो अधिक मोठा होऊन उभा राहिला होता. घटनेची उद्देशिका देशातील सर्व लोकांविषयी बोलते, केवळ गोऱ्यांविषयी नाही, हे त्यांनी न्यायाधीशांच्याच शस्त्राने सिद्ध केले. ड्रेड स्कॉट याला नव्या मालकाने त्याच महिन्यात मुक्त केले. सव्वा वर्षाने तो वारला. निकालाने पेटलेला वणवा मात्र विझला नाही.

१८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू झाले. गुलामी नष्ट केल्याविना हे युद्ध जिंकता येणार नाही आणि कृष्णवर्णीयांच्या हाती शस्त्र दिल्याविना गुलामी नष्ट होणार नाही, असे डग्लस पहिल्यापासून सांगत होते. १ जानेवारी १८६३ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंकन यांची मुक्तीची घोषणा अमलात आली. डग्लस यांनी सैन्यभरतीसाठी दौरे काढले. त्यांचे पुत्र लुईस व चार्ल्स मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीत दाखल झाले. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर, तर कृष्णवर्णीयाला १० डॉलर आणि त्यांतूनही ३ डॉलर कपड्यांचे वजा, हा भेद पाहून ऑगस्ट १८६३ मध्ये ते थेट लिंकन यांच्यापुढे जाऊन उभे राहिले. वेतनाची समता पुढच्या वर्षी मिळाली. युद्धानंतर १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामी संपली, १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने त्या भूमीवर जन्मलेल्यांना नागरिकत्व देऊन टॉनी यांचा निकाल पुसून टाकला, आणि १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीने वर्णावरून मताधिकार नाकारण्यास बंदी केली.

या मुक्तिसंग्रामाचे पडसाद महाराष्ट्रातही उमटले. १८७३ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला आणि आपल्या देशबांधवांनी शूद्र बांधवांच्या मुक्तीसाठी तोच कित्ता गिरवावा, अशी इच्छा व्यक्त केली. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीही अमेरिकेतील गुलामी आणि भारतातील अस्पृश्यता यांचा तुलनात्मक विचार आपल्या लेखनात मांडला.

मिळालेले हक्क टिकवणे मिळवण्याइतकेच कठीण ठरले. सराया, वाहने, नाट्यगृहे यांत समान प्रवेश देणारा १८७५ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १५ ऑक्टोबर १८८३ रोजी रद्द ठरवला. चौदावी दुरुस्ती शासनाला बांधते, खासगी व्यक्तींना नाही, असा त्याचा आधार होता. एकट्या न्यायमूर्ती हार्लन यांनी विरोधी मत लिहिले. लेखणी अडली तेव्हा पत्नीने त्यांच्या मेजावर टॉनी यांची जुनी दौत आणून ठेवली, अशी आठवण तिने नोंदवली आहे. ज्या दौतीतून बहिष्काराचा निकाल उतरला, तिच्यातूनच समतेचे मत उतरले. आठवड्याभरात डग्लस यांनी वॉशिंग्टनच्या सभेत न्यायालयाचा मान राखून, पण निकालाची भीड न ठेवता, आपला निषेध नोंदवला.

उतारवयात त्यांना मानाची पदे मिळाली : वॉशिंग्टन परिसराचे मार्शल, दस्तनोंदणी अधिकारी, हैती देशातील अमेरिकेचे प्रतिनिधी. पण पदांनी त्यांची वाणी मिंधी केली नाही. १८९४ मध्ये, वयाच्या पंचाहत्तरीनंतरही, जमावाकडून होणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या हत्यांविरुद्ध त्यांनी कठोर भाषण केले. २० फेब्रुवारी १८९५ रोजी दिवसा स्त्रियांच्या परिषदेला उपस्थित राहून ते घरी परतले आणि त्याच संध्याकाळी त्यांचे देहावसान झाले. पुढच्याच वर्षी न्यायालयाने वेगळे पण समान हे तत्त्व मान्य केले. शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरण्यासाठी १९५४ साल उजाडावे लागले.

डग्लस यांच्या चरित्राकडे पाहताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते. त्यांना अक्षरे दानात मिळाली नाहीत, ती त्यांनी मिळवली. आणि मिळताच स्वतःपुरती ठेवली नाहीत. आधी गुलामांच्या झोपड्यांत, मग सभागृहांत, मग वृत्तपत्राच्या पानांवर त्यांनी ती वाटली. त्याच अक्षरांच्या बळावर त्यांनी देशाची राज्यघटना स्वतः वाचली आणि सर्वोच्च न्यायपीठ चुकले तेव्हा ते चुकले आहे, असे सांगण्याची ताकद मिळवली. शिकलेल्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याने आणि आपल्या लेकरांना शिकण्यासाठी दूर ठेवणाऱ्या प्रत्येक पालकाने हे चरित्र घरात मोठ्याने वाचावे. आपण घेतलेले शिक्षण आपल्या मागून येणाऱ्या किती जणांपर्यंत पोहोचले, हा प्रश्न ते आपल्यालाही विचारते.