आनंदीबाईंची अमेरिकेतली मावशी कोण होती?

डॉक्टर होण्यासाठी आनंदीबाई जोशी १८८३मध्ये अमेरिकेत पोहोचल्या, तेव्हा त्या अवघ्या १८ वर्षांच्या होत्या. पत्रांतून ओळख झालेल्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी न्यू जर्सीतील रोझेलच्या घरी त्यांना मायेने ठेवून घेतलं. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. फिलाडेल्फियातील महिला वैद्यकीय महाविद्यालयात शिकतानाही त्यांनी साडी आणि शाकाहार सोडला नाही. जपानच्या केई ओकामी, सीरियाच्या सबात इस्लामबुली याही तिथेच शिकत होत्या. तिघींचं आपापल्या वेशातलं १८८५मधील छायाचित्र प्रसिद्ध आहे. मात्र तिथली थंडी आणि अन्न आनंदीबाईंच्या प्रकृतीला मानवलं नाही. ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी क्षयाने पुण्यात निधन झालं. त्यांची रक्षा मावशीकडे पाठवण्यात आली. न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी इथे, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ती आजही आहे.