डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव : फॉस्फरसची निळी खूण



या अंकातील चरित्रासाठी आम्ही अशा एका शास्त्रज्ञाची निवड केली आहे, जो मॅट्रिकच्या परीक्षेत दोनदा नापास झाला होता. एस.एस.एल.सी.चे वर्ष आले की घराघरांत काय वातावरण असते, हे आम्ही रोज पाहतो. म्हणूनच हे चरित्र मुलांबरोबर पालकांनीही वाचावे, असे आम्हास वाटते.

येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी आंध्रातील भीमावरम येथे झाला. तेव्हा तो भाग मद्रास इलाख्यात होता. वडील महसूल खात्यात साधे नोकर होते. प्रकृतीमुळे त्यांना लवकर नोकरी सोडावी लागली आणि घरात ओढग्रस्त सुरू झाली. तेरा वर्षांच्या सुब्बारावांनी काशीला जाऊन यात्रेकरूंना केळी विकावीत आणि पैसे मिळवावेत, असा बेत करून घर सोडले. त्यांना वाटेतून परत आणण्यात आले आणि आईने पुन्हा शाळेत घातले. पुढे वडील वारले. मॅट्रिकला दोनदा अपयश आले. तिसऱ्या खेपेस मद्रासच्या हिंदू हायस्कूलमधून ते उत्तीर्ण झाले.

याच काळात त्यांचे दोन भाऊ एकापाठोपाठ संग्रहणीच्या विकाराने गेले. स्वतः सुब्बारावांनाही तोच आजार जडला होता. ते आयुर्वेदिक उपचारांनी बरे झाले. त्या काळच्या डॉक्टरांना या रोगाचे कारण ठाऊक नव्हते. ही गोष्ट विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे.

मद्रास मेडिकल कॉलेजात शिकताना ते गांधीजींच्या चळवळीकडे ओढले गेले आणि शस्त्रक्रियेच्या वर्गातही खादीचा पोशाख घालू लागले. इंग्रज प्राध्यापकांची नाराजी ओढवली आणि त्यांना एम.बी.बी.एस. ऐवजी एल.एम.एस. हे कमी दर्जाचे प्रमाणपत्र मिळाले. काही काळ मद्रासच्या आयुर्वेद महाविद्यालयात शिकवून, सासऱ्यांच्या मदतीने ते अमेरिकेत हार्वर्ड येथे गेले. पत्नी मायदेशीच राहिल्या. त्यांची पुन्हा कधीच भेट झाली नाही. मुलगाही अगदी लहानपणी गेला. परदेशातील पदवीची छायाचित्रे आपण कौतुकाने पाहतो, पण त्यामागे घरच्यांनी काय सोसलेले असते याची नोंद कोणी ठेवत नाही. बोस्टनमध्ये पोट भरण्यासाठी सुब्बारावांनी इस्पितळात रात्रपाळीची हलकी कामे केली. रुग्णांची भांडी स्वच्छ करण्याचे कामही त्यात होते.

हार्वर्डमध्ये सायरस फिस्के यांच्या प्रयोगशाळेत त्यांच्याकडे एक काम आले. रक्तात आणि लघवीत फॉस्फरस किती आहे, हे नेमके मोजायचे होते. फॉस्फरस आपल्या हाडांत असतो, स्नायूंत असतो, रक्तातही असतो. तो तेथे मुख्यतः फॉस्फेटच्या रूपात असतो आणि फॉस्फेटला रंग नाही. पाण्यात विरघळलेले मीठ जसे दिसत नाही, तसे तेही दिसत नाही. मग मोजायचे कसे? थोड्याशा रक्तावरून भरवशाचा आकडा मिळावा, अशी सोपी रीत डॉक्टरांना हवी होती.

उत्तर एका धातूने दिले. त्याचे नाव मॉलिब्डेनम. आम्लात फॉस्फेट आणि मॉलिब्डेट एकत्र आले की फॉस्फरसच्या एका अणूभोवती मॉलिब्डेनमचे बारा अणू, ऑक्सिजनच्या दुव्यांनी बांधले जाऊन गोळा होतात. रसायनशास्त्रात यास जटिल संयुग म्हणतात. गावच्या जत्रेत पालखीभोवती मंडळी जमतात, तसे हे समजावे. या संयुगावर एका क्षपणकाची क्रिया केली की गडद निळा रंग येतो. फॉस्फरस जितका जास्त, तितका निळा रंग गडद. माहीत असलेल्या प्रमाणाच्या द्रावणाशी हा रंग ताडून पाहिला की हिशेब हाती येतो. हे तत्त्व आधीच ज्ञात होते, पण पद्धतीत दोष होते. फिस्के आणि सुब्बाराव यांनी अधिक चांगला क्षपणक निवडला, प्रमाणे निश्चित केली आणि १९२५ साली आपली रीत प्रसिद्ध केली. ती जगभरच्या प्रयोगशाळांनी स्वीकारली. आजही विद्यार्थी तिला फिस्के-सुब्बाराव पद्धत म्हणूनच शिकतात.

खरी गंमत पुढे आहे. स्नायूंचा अर्क तपासताना निळा रंग ठरल्याप्रमाणे लगेच येईना. तो हळूहळू चढत राही. घाईतला माणूस प्रयोग बिघडला असे म्हणून परीक्षानळी ओतून देता. या दोघांनी कारण शोधले. अर्कातील काही फॉस्फेट मोकळे नव्हते, दुसऱ्या एका पदार्थाशी बांधलेले होते. आम्लामुळे ते सुटत जाई आणि जसजसे सुटे तसतसा रंग वाढे. तो पदार्थ म्हणजे फॉस्फोक्रिएटिन. हा शोध १९२७ साली जाहीर झाला. स्नायूंना शक्ती लॅक्टिक आम्लापासून मिळते, अशी त्या वेळी समजूत होती आणि त्या संशोधनास १९२२ चे नोबेल पारितोषिकही मिळाले होते. या शोधाने ती समजूत डळमळली.

१९२९ साली त्यांनी स्नायूंतून एटीपी हा पदार्थ वेगळा केला. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोमान यांनीही तो स्वतंत्रपणे शोधला. एटीपीमध्ये तीन फॉस्फेट गट एका ओळीत असतात. त्यातील एक गट सुटताना जी ऊर्जा मिळते, तिच्यावर आपले हृदय धडधडते आणि मैदानात मुले धावतात. येथेही धातू हवाच. पेशीतील बहुतेक एटीपी मॅग्नेशियमशी जोडलेले असते आणि अनेक विकरे याच जोडीवर काम करतात. ढोबळ हिशेबाने, आपले शरीर एका दिवसात जेवढे एटीपी मोडते आणि पुन्हा जोडते, त्याची बेरीज आपल्या वजनाच्या आसपास जाते.

पालकहो, हे सारे लांबचे वाटेल, पण फॉस्फेट आणि धातूंची ही संगत आपल्या दारातही आहे. हिंडलगा आणि खानापूरकडची तांबडी, जांभ्याची जमीन घ्या. तिचा रंग लोहामुळे आहे. त्या मातीतील लोह आणि ॲल्युमिनियम खतातील फॉस्फेटला घट्ट पकडून ठेवतात. पिकाच्या मुळाला ते सहज मिळत नाही. अथणी, गोकाककडच्या काळ्या जमिनीत तेच काम चुन्यातील कॅल्शियम करते. म्हणून डीएपीचे पोते रिकामे झाले म्हणजे पिकाला फॉस्फरस पोचला, असे नाही. शेणखत भरपूर घालावे, फॉस्फरसचे खत विस्कटून न टाकता बियाण्याच्या ओळीत द्यावे आणि आधी माती तपासून घ्यावी, असा सल्ला कृषी तज्ज्ञ देतात तो याच कारणाने. माती परीक्षण केंद्रात फॉस्फरस मोजतात तो बहुधा मॉलिब्डेनमच्या निळ्या रंगावरूनच.

हीच पकड कारखान्यात उपयोगी पडते. लोखंडी भागास रंग देण्यापूर्वी तो फॉस्फेटच्या द्रावणात बुडवतात. पृष्ठभागावर लोह आणि जस्त यांच्या फॉस्फेटचा पातळ थर बसतो. त्यावर रंग चांगला धरतो आणि गंज लवकर चढत नाही. उद्यमबागेत काम करणाऱ्या पालकांना फॉस्फेटिंग हा शब्द ओळखीचा असेल. त्यांनी मुलांना त्याविषयी जरूर सांगावे. शेतात जी गोष्ट अडचणीची, तीच कारखान्यात कामाची ठरते.

पुन्हा सुब्बारावांकडे वळू. १९३० साली त्यांना हार्वर्डची डॉक्टरेट मिळाली, पण कायमचे पद मिळाले नाही. १९४० मध्ये ते लेडर्ले या औषध कंपनीच्या संशोधन विभागात गेले. तेथे त्यांच्या नेतृत्वाखालील शास्त्रज्ञांनी फॉलिक आम्ल कृत्रिम रीतीने तयार केले. या जीवनसत्त्वाचा उपयोग ज्या रोगांवर झाला, त्यात उष्ण प्रदेशातील संग्रहणी हा एक होता. ज्या रोगाने दोन भाऊ नेले, त्यावरचे औषध सुमारे तीन दशकांनी त्यांच्या प्रयोगशाळेतून आले. आज शाळांतून मुलामुलींना लोहाबरोबर देण्यात येणाऱ्या गोळीत हेच फॉलिक आम्ल असते.

फॉलिक आम्लाच्या कामात अडथळा आणणारी संयुगेही त्यांच्या चमूने बनवली. त्यापैकी अमिनोप्टेरिन वापरून बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाने आजारी मुलांना काही काळ तरी आराम मिळतो, हे १९४८ साली दाखवले. त्याचेच भावंड मेथोट्रेक्सेट आजही कर्करोग आणि संधिवातावर देतात. हत्तीरोगावरील डीईसी हे औषध त्यांच्याच विभागातून आले. सरकारी मोहिमांत वाटल्या जाणाऱ्या गोळ्यांत ते असते. ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक त्यांच्याच विभागातील बेंजामिन डग्गर यांनी शोधले.

ऑगस्ट १९४८ मध्ये, वयाच्या अवघ्या त्रेपन्नाव्या वर्षी, झोपेतच हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. मायदेशी परतणे झालेच नाही. नोबेल पारितोषिक मिळाले नाही. पुष्कळ औषधांच्या कथेत त्यांचे नाव मागे राहिले, कारण ते स्वतः पुढे येत नसत आणि श्रेय सहकाऱ्यांना देत. जन्मशताब्दीच्या वर्षी, १९९५ साली, भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

विद्यार्थी मित्रहो, सुब्बारावांचे पहिले मोठे काम एक मोजमापाची रीत होती. वरून पाहता तो शोध नव्हताच. परंतु ती रीत इतकी काटेकोर होती की रंग यायला थोडा उशीर झाला तरी ते त्यांच्या ध्यानात आले आणि त्या उशिरातूनच पुढचा शोध निघाला. प्रात्यक्षिकाच्या वहीत अपेक्षित आकडा शेजाऱ्याचा पाहून लिहिणाऱ्यास हा उशीर कधीच दिसणार नाही. प्रयोगशाळेत जे दिसेल तेच वहीत लिहा. उत्तर पुस्तकाशी जुळले नाही तर खोडू नका, शिक्षकांना दाखवा.

आणि पालकहो, निकालाच्या दिवशी एखाद्या मुलाच्या हाती अपयश आले, तर त्यास त्या रात्री रागावू नये. भीमावरमच्या त्या आईने मुलाला तिसऱ्यांदा परीक्षेस बसवले नसते तर काय झाले असते, याचा विचार आधी करावा, एवढीच आमची विनंती.