अक्षरांच्या बळावर मुक्त झालेला महापुरुष : फ्रेडरिक डग्लस

थोर पुरुषांच्या चरित्रारंभी कुलवृत्तांत व जन्मतिथी देण्याचा प्रघात आहे. फ्रेडरिक डग्लस यांच्या चरित्रकारास ती सोय नाही. अमेरिकेतील मेरीलँड राज्यात १८१८ च्या सुमारास एका गुलाम स्त्रीच्या पोटी ते जन्मले. आपली जन्मतिथी त्यांना कधीच निश्चित कळली नाही. पिता कोण, हेही खात्रीने समजले नाही. मातेपासून तर तान्हेपणीच त्यांची ताटातूट झाली.

बाल्टिमोर येथे मालकिणीने त्यांना मुळाक्षरे शिकविण्यास आरंभ केला. मालकाने ते तत्काळ बंद पाडले, कारण वाचू लागलेला गुलाम ताब्यात राहत नाही अशी त्याची धारणा होती. त्या निषेधातच बाल फ्रेडरिकला मुक्तीचा मार्ग दिसला. शेजारच्या गरीब गोऱ्या मुलांना पाव देऊन त्याने त्यांच्याकडून धडे घेतले. जहाजे बांधणारे सुतार लाकडांवर खुणेची अक्षरे लिहीत, ती गिरवून त्याने लेखन साध्य केले.

१८३८ मध्ये खलाशाच्या वेषात ते निसटले. पुढे गुलामगिरीविरोधी सभांतून त्यांचे वक्तृत्व असे गाजले की, हा मनुष्य कधी गुलाम होता यावरच लोक शंका घेऊ लागले. तेव्हा १८४५ मध्ये त्यांनी आत्मवृत्त प्रसिद्ध केले व त्यात मालकांची नावे, स्थळे व अत्याचार निर्भयपणे नमूद केले. कायद्याच्या दृष्टीने ते अद्याप दुसऱ्याची मालमत्ताच होते. जी अक्षरे त्यांच्या सत्यतेचा पुरावा होती, तीच त्यांना पुन्हा बेड्यांत लोटू शकत होती. म्हणून त्यांस ब्रिटन व आयर्लंडमध्ये आश्रय घ्यावा लागला. १८४६ मध्ये तेथील स्नेह्यांनी मोल देऊन त्यांची कायदेशीर मुक्तता करविली.

स्वतःविषयी एवढे उघड लिहिणाऱ्या डग्लस यांनी त्या ग्रंथात पलायनाची रीत मात्र सांगितली नाही. मागे राहिलेल्या बांधवांची वाट बंद होऊ नये, हा त्यातील हेतू. गुलामगिरी १८६५ मध्ये नष्ट झाल्यानंतर, १८८१ च्या आत्मचरित्रात त्यांनी ती हकीकत लिहिली. काय लिहावे इतकेच काय लिहू नये, हा विवेकही त्यांच्या लेखणीस होता.

१८४७ मध्ये रॉचेस्टर येथे त्यांनी ‘नॉर्थ स्टार’, म्हणजे ध्रुवतारा, हे पत्र काढले. पळालेले गुलाम याच ताऱ्याच्या आधारे उत्तरेची वाट शोधीत. स्त्रियांच्या मताधिकाराचाही त्यांनी कैवार घेतला. २० फेब्रुवारी १८९५ रोजी स्त्रियांच्या एका सभेस उपस्थित राहून ते घरी परतले आणि त्याच दिवशी वॉशिंग्टन येथे त्यांचे देहावसान झाले.

महात्मा जोतीराव फुले यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा १८७३ चा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या सदाचारी लोकांस अर्पण केला, हे आपण जाणतोच. त्या मुक्तिकार्यात डग्लस अग्रणी होते. आपल्या मुलामुलींच्या हाती पाटी देताना या पुरुषाचे स्मरण व्हावे. त्याने अक्षरे पाव देऊन मिळविली आणि मिळालेली विद्या आपल्या माणसांसाठी वेचली.