बाळू पालवणकर : खेळपट्टी तयार करणारा गोलंदाज



आमच्या पाचवीच्या वर्गातलं एक लेकरू शनिवारच्या कवायतीला न चुकता लाल जर्सी घालून येतं. मँचेस्टर युनायटेडची. आठवडी बाजारात घेतलेली, त्यामुळे चिन्ह अर्धं उडालेलं, पण त्याला त्या संघाचे खेळाडू तोंडपाठ आहेत. आमच्या जिंतूर तालुक्यातल्या शाळेचं मैदान म्हणजे काळी माती. पावसाळ्यात पाय रुततो आणि उन्हाळ्यात भेगांत बॉल अडकतो. तिथं उभं राहून त्यानं मला विचारलं की मॅडम, आपल्यातलं कुणी तिकडं जाऊन त्यांच्याशी खेळलंय का?

फुटबॉलचं मला फारसं कळत नाही. पण उत्तर होतं, फक्त खेळ वेगळा होता. फुटबॉलमध्ये जसे शहरांचे क्लब, तसे इंग्लंडच्या क्रिकेटमध्ये काउंटीचे संघ, काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा. या संघांशी खेळायला 1911 साली आपल्या देशाचा संघ बोटीनं गेला होता. त्या दौऱ्यात सगळ्यात जास्त विकेट घेणारा माणूस मराठी होता. त्याचं नाव बाळू पालवणकर. त्या काळातल्या धावफलकांत नुसतं पी. बाळू असं लिहिलेलं सापडतं.

मी हा पाठ वर्गात दोनदा घेतला. पहिल्यांदा चुकीचा घेतला, ते पुढे सांगते.

पालवणकर घराणं मूळचं रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालवणचं. बाळूंचा जन्म 1876 चा, धारवाडचा. वडील सैन्याच्या नोकरीत असल्यामुळे कुटुंब पुण्याला आलं. बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे चार भाऊ पुढे क्रिकेटमध्ये नावाजले. बाळू आणि शिवराम खेळायला शिकले ते गोऱ्या लष्करी अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट-बॉलवर. शाळा फार झाली नाही, लवकर कामाला लागावं लागलं.

पहिलं काम पुण्यातल्या पारशी मंडळींच्या मैदानावर मिळालं. खेळपट्टी झाडायची, रोलर ओढायचा आणि अधूनमधून खेळाडूंना सरावासाठी बॉल टाकायचे. पगार महिन्याला तीन रुपये. मग 1892 च्या सुमारास ते इंग्रजांच्या पूना जिमखान्यात लागले, तिथं चार रुपये. काम तेच, फक्त वाढलेलं. खेळपट्टी आखणं, जाळ्या बांधणं, टेनिसच्या मैदानावर रेघा मारणं. तिथल्या एका गोऱ्या खेळाडूनं त्यांना जाळीत गोलंदाजी करायला सांगितलं आणि या पोराच्या डाव्या हातात काय आहे ते सगळ्यांच्या लक्षात आलं.

तिथं कॅप्टन ग्रेग नावाचे एक फलंदाज होते. साधेसुधे नव्हते, ते इंग्लंडात हॅम्पशायर काउंटीकडूनही खेळले. सांगतात की ते इतरांच्या आधी येऊन तासन् तास बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करत, आणि बाळूंनी बाद केलं की दर वेळी आठ आणे देत. आठ आण्यांची गोष्ट खरी असेल, रंगवलेलीही असेल. पण चार रुपये पगाराच्या हिशेबात आठ आणे म्हणजे किती होतात, हे गणित मी वर्गात सोडवायला दिलं. महिन्याचा पगार फक्त आठ विकेटांत निघतो, हे कळल्यावर मुलं एकदम ताठ बसली.

या जाळीतल्या वर्षांबद्दल मला थोडं जास्त बोलायचंय. बाळू डावखुरे मंदगती फिरकी गोलंदाज होते. बॉल हवेत उंच द्यायचा, फलंदाजाला पुढे यायला भाग पाडायचं आणि टप्पा पडल्यावर बॉल बाहेर वळवायचा. हे जमतं ते मनगटाला आणि बोटांना रोजची सवय झाल्यावर. ‘लगान’ सिनेमातला कचरा बाळूंवरून सुचला असं म्हणतात. पण सिनेमात त्याचा बॉल वळतो तो अधू हातामुळे, आपोआप. बाळूंचा बॉल आपोआप वळत नव्हता. त्यामागं पगारी नोकर म्हणून टाकलेले हजारो बॉल होते. आणि एक गोष्ट. इतकी वर्षं जाळीत उभं राहून त्यांना तिथं फलंदाजी करायला मात्र मिळाली नाही. बॅट साहेबांची, बॉल टाकायचं काम नोकराचं.

बाळूंचं नाव पुण्यात झालं. शहरातल्या हिंदू खेळाडूंचा संघ होता आणि त्याला युरोपियनांना हरवायचं होतं. असा गोलंदाज शहरात असताना त्याला घ्यायचं की नाही, यावर त्या संघात वाद झाला. कारण पालवणकर चांभार समाजातले, म्हणजे त्या काळी अस्पृश्य मानलेले. शेवटी घेतलं. पण कसं घेतलं? मैदानावर त्यांनी हातात घेतलेला बॉल सगळे झेलायचे. चहाच्या सुट्टीत मात्र बाकीचे आत बसत आणि बाळूंना चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. जेवणाचं ताटही वेगळं असे.

इथंच माझी पहिल्या वेळची चूक झाली. वर्गात सगळ्या समाजांची लेकरं शेजारी शेजारी बसतात, खिचडी एका रांगेत खातात. हा विषय कशाला काढायचा, म्हणून मी बाळूंना नुसतं गरीब घरातला मुलगा करून टाकलं. चहाच्या भांड्याची गोष्ट मात्र सांगितली, कारण ती मला स्वतःला लागलेली होती. लगेच एका मुलीनं विचारलं की गरीब असला तर चहा फुकट द्यायचा ना, भांडं वेगळं कशाला? माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, पण मीच ते गोष्टीतून काढून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी मी पाठ पुन्हा पहिल्यापासून घेतला, जातीसकट. लेकरं गप्प बसून ऐकत होती. पालकांपैकी कुणाला हे आवडणार नाही असं वाटलं होतं, पण तक्रार करायला कुणी आलं नाही. एका आजोबांनी मात्र नातवाला शाळेतून न्यायला आल्यावर पाण्याच्या वेगळ्या रांजणाची त्यांची स्वतःची आठवण सांगितली.

असो. हिंदू संघ सातारच्या गोऱ्या जिमखान्याशी खेळायला गेला. बाळूंची फिरकी चालू नये म्हणून तिथल्यांनी खेळपट्टीवर आठवडाभर रोलर फिरवून ती घट्ट करून ठेवली होती, असं सांगतात. ज्या माणसाचं आयुष्य रोलर ओढण्यात गेलं त्याला रोलरनं अडवायला निघाले होते! बाळूंनी सात विकेट घेतल्या. पुण्याला परतल्यावर सत्कार झाला आणि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी खेळाडूंना जाहीरपणे सुनावलं, की ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर जेवायलाही बसलं पाहिजे.

मग पुण्यात प्लेग आला आणि पालवणकर कुटुंब मुंबईला गेलं. मुंबईत धर्मावर जिमखाने होते. पारशांचा वेगळा, मुसलमानांचा वेगळा, आणि 1894 मध्ये हिंदू जिमखाना निघाला होता. तिथंही बाळूंना घ्यायला काही सभासदांचा विरोध होता, पण कप्तान कीर्तिकर त्यांच्या बाजूनं उभे राहिले. नोकरी रेल्वेत, आणि रेल्वेच्या संघाकडूनही खेळणं.

फेब्रुवारी 1906 मध्ये मुंबईत हिंदू आणि युरोपियन संघांचा सामना झाला. बंगालच्या फाळणीनंतरचे, स्वदेशीच्या चळवळीचे दिवस होते ते. हिंदूंनी 242 आणि 160 धावा केल्या, युरोपियनांनी 191 आणि 102. फरक काढायला मुलांना सांगा, 109 येतो. बाळू आणि शिवराम दोघेही या सामन्यात होते. राज्य करणाऱ्यांना त्यांच्याच खेळात हरवलं म्हणून लोकांना आनंद झाला आणि जातीचं बंधन सैल केल्यावर काय होतं, ते सुधारकांना दाखवता आलं.

पाच वर्षांनी तो इंग्लंडचा दौरा. संघात पारशी, हिंदू, मुसलमान होते आणि कप्तान होते पतियाळाचे तरुण शीख महाराजा भूपिंदर सिंग. महाराजा सुरुवातीचे मोजके सामने खेळले, नंतर त्यांचा वेळ मेजवान्या आणि भेटीगाठींत गेला. त्या वर्षी लंडनमध्ये पंचम जॉर्ज राजाचा राज्याभिषेक होता ना. संघाचं काही खरं नव्हतं. एकूण 23 सामने झाले, त्यांतले 15 हरले आणि फक्त 6 जिंकले.

पण बाळू तेव्हा 35 वर्षांचे होते, खांदा दुखत होता, आणि तरी त्यांनी दौऱ्यात 114 विकेट घेतल्या. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एकाच डावात 103 धावांत 8. लेस्टरशायर काउंटीविरुद्ध सामन्यात 11, आणि तो सामना आपण जिंकला. (हे तेच लेस्टर, ज्याच्या फुटबॉल क्लबनं 2016 मध्ये सगळ्या मोठ्या क्लबांना मागं टाकून इंग्लंडची लीग जिंकली. जर्सीवाल्या लेकराला हे आधीच माहीत होतं, मलाच नव्हतं.) सॉमरसेटविरुद्धचा सामना एक विकेट राखून जिंकला, त्यात धाकट्या शिवरामनं शतक काढलं. दौऱ्यातले आपले हे मोठे विजय, आणि दोन्हींत पालवणकर बंधू.

परत आल्यावर मुंबईत दलित समाजानं बाळूंचा सत्कार केला. त्यांचं मानपत्र तेव्हा कॉलेजात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकर यांनी तयार केलं होतं, असं अभ्यासक लिहितात. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता कप्तानपदाचं. बाळू संघातले सगळ्यात ज्येष्ठ आणि सगळ्यात यशस्वी, पण हिंदू संघाचं नेतृत्व त्यांना मिळालं नाही. 1913 मध्ये एम. डी. पै कप्तान झाले, तेव्हा हा मान बाळूंचा होता असं त्यांनी स्वतःच जाहीरपणे म्हटलं. मला पैंचं फार कौतुक वाटतं. मिळालेली खुर्ची दुसऱ्याची आहे असं सांगणारी माणसं आपल्या आसपास किती असतात? पण पुढच्याही वर्षी खुर्ची फिरून बाळूंकडे आली नाही.

1920 मध्ये गोष्ट टोकाला गेली. बाळूंना संघातून वगळलं. पै आजारी होते, तेव्हा कप्तानपद विठ्ठलकडे यायला हवं होतं, पण ते पुण्याच्या प्रा. दि. ब. देवधरांना दिलं. देवधर मोठे खेळाडू होते यात शंका नाही, पण विठ्ठलचा हक्क आधीचा होता. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या दोघा भावांनी खेळायला नकार दिला आणि कारण लोकांसमोर स्पष्ट मांडलं, की जातीमुळे आम्हाला डावललं जातं. रोलर ओढणाऱ्याचे भाऊ आता बहिष्कार टाकत होते. पुढच्या सामन्याला दोघांना परत बोलवावं लागलं. पै कप्तान आणि बाळू उपकप्तान झाले. त्या सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ बाळूंनी हिंदू संघाचं नेतृत्व केलं.

तेवढंच. तेव्हा ते 44 वर्षांचे होते. 1923 मध्ये विठ्ठल रीतसर कप्तान झाला आणि त्या वर्षी हिंदू संघानं स्पर्धा जिंकली. विठ्ठलनं पुढे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र लिहिलं. मोठ्या गटाच्या शिक्षकांनी ते जरूर मिळवावं.

इथंच थांबलं तर मुलांसाठी छान गोष्ट होते. पण बाळूंचं आयुष्य पुढे आणखी 30 वर्षं चाललं आणि ते इतकं सरळ नाही. 1932 च्या पुणे कराराच्या वेळी ते संयुक्त मतदारसंघाच्या बाजूचे होते, बाबासाहेबांची मागणी स्वतंत्र मतदारसंघांची होती. करारावर दोघांच्याही सह्या आहेत. आणि 1937 च्या निवडणुकीत मुंबईत काँग्रेसनं बाबासाहेबांच्या विरोधात उमेदवार म्हणून उभं केलं ते बाळूंना! बाबासाहेब स्वतंत्र मजूर पक्षाचे. बाळू सुमारे दोन हजार मतांनी हरले.

सातवीला हे सांगितलं तेव्हा मुलं गोंधळली. दोघांतला चांगला कोण, असं विचारत होती. एकानं तर रागानं म्हटलं की बाळूंनी उभंच राहायला नको होतं. मला स्वतःला वाटतं की काँग्रेसला त्यांच्या नावाचा उपयोग करून घ्यायचा होता, आणि बाळूंनाही गांधीजींचा मार्ग मनापासून पटलेला होता. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. मुलांना मी एवढंच सांगितलं, की ज्या तरुणानं मानपत्र लिहिलं आणि ज्याला ते मिळालं, ते 26 वर्षांनी समोरासमोर आले, पण चहाचं वेगळं भांडं बंद व्हावं असं दोघांनाही वाटत होतं. ते कसं बंद होईल, यावर मात्र त्यांची मतं जुळत नव्हती.

भारताचा पहिला कसोटी सामना 1932 मध्ये लॉर्ड्सवर झाला, तेव्हा बाळू 56 वर्षांचे होते. त्यामुळे त्यांच्या नावापुढे एकही कसोटी नाही. प्रथम श्रेणीचे 33 सामने आणि 179 विकेट एवढी नोंद आहे, सरासरी 15 च्या थोडी वर. 4 जुलै 1955 रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

पाठ संपल्यावर जर्सीवाल्यानं मला विचारलं, मॅडम, पूना जिमखान्यात मग त्यांना बॅटिंग कधीच दिली नाही का? मी नाही म्हटलं. त्या शनिवारी आमच्या मैदानावर पोरांनी डाव मांडला. रोज स्टंप ठोकणारा आणि झुडपातून बॉल आणणारा एक मुलगा आहे, मीच त्याला ते काम लावलेलं, कारण तो ते नीट करतो. जर्सीवाल्यानं काही न बोलता बॅट त्याच्याकडे दिली. तो दुसऱ्याच बॉलवर आऊट झाला आणि आणखी एक चान्स पाहिजे म्हणून भांडायला लागला.